'इन नो टाइम'ची दहा खरी वाक्यं

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८

आजपासून रोजनिशी. कारण, प्रमोशन. शिफ्ट इन्चार्जची एक जागा निघाली आहे. इंटरव्ह्यू २६ तारखेला, आणि तो इंग्लिशमध्ये, कारण नवे प्लांट हेड हैदराबादचे आहेत. कंपनीने पुण्याहून अनुपमा मॅडम लावल्या आहेत. बुधवारी एक तास क्लास, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर.

या आठवड्याचा गृहपाठ 'इन नो टाइम'. म्हणजे चुटकीसरशी. दहा वाक्यं करायची. अट एकच, वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं आणि खरं पाहिजे. मॅडम प्रत्येक वाक्याला विचारतात, खरं आहे का? व्हॉइस नोट करून रविवारी दुपारी तीनच्या आत पाठवायची.

दहा म्हणजे काहीच नाही. कुरकुंभला केमिकल प्लांटच्या कंट्रोल पॅनलवर वीस वर्षं काढली आहेत. दुपारी जेवणाच्या आत उरकतो.

दुपारी १.३०

एक झालं होतं. 'आय वेक अप इन नो टाइम.' सविताला वाचून दाखवलं. तिने माझा मोबाइल घेतला, त्यातले सहा अलार्म एकेक करून दाखवले आणि भाकरी थापायला गेली. खोडलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

'आय टेक बाथ इन नो टाइम.' सविता म्हणाली, टाकी मोकळी हुती तुमच्या आंघुळीनं. खोडलं.

'माय वाइफ मेक्स भाकरी इन नो टाइम.' हे शंभर टक्के खरं आहे, पण मॅडमना स्वतःचं पाहिजे.

विचार केला. अडचण वाक्यांची नाही, क्रमाची आहे. लोक आधी करतात, मग सांगतात. आपण आधी वाक्य लिहायचं आणि मग ते खरं करून दाखवायचं. म्हणजे इंग्लिशही सुधारेल आणि माणूसही. मॅडमना ही पद्धत सुचवणार आहे.

'आय रिपेअर्ड टॅप इन नो टाइम.' लिहून टाकलं. मोरीतला नळ गणपतीपासून ठिबकतो आहे. उद्या खरं करतो.

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी

काल कामावर दुसरं वाक्य सापडलं, आणि ते अगदी तयार होतं. 'आय रिलीव्ह माय कलीग इन नो टाइम.'

आमच्याकडे नियम असा की, पॅनलवरच्या माणसाने दुसरा माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत जागा सोडायची नाही. रिॲक्टर चालू असतो, खेळ नाही. सध्या दत्ताची पहिली पाळी, सात ते तीन. माझी दुसरी. म्हणजे मी त्याचा रिलीव्हर. पाळ्या फिरल्या तरी जोडी तीच, सहा वर्षं झाली.

माझं गेटवरचं पंचिंग कायम तीनच्या आत. मग चहा. मग हेल्मेट, बूट, बॉयलर सूट. मग कुणी भेटलं तर दोन शब्द, माणसाने माणूसघाणं असू नये. पॅनलवर पोचेपर्यंत सव्वातीन, साडेतीन. पण लॉगबुकात चार्जची वेळ दत्ताच लिहितो आणि तो 'तीन' लिहून मोकळा होतो. मी फक्त सही करतो. सहा वर्षांत एकदाही लेट नाही. असं रेकॉर्ड अख्ख्या प्लांटमध्ये कुणाचं नाही.

दत्ताला वाक्य वाचून दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, लिवा दादा, लिवा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दत्ताचं जमतंय. त्याने स्वतः सांगितलं, आणि सांगताना कान लाल झाले होते.

पोरगं तेहतिशीला आलं. खुटबावला सहा एकर बागायत आहे, स्लॅबचं घर आहे, पण चौदा मुली बघून झाल्या. कुणी म्हणतं शेतकरी नको, कुणी म्हणतं शिफ्टवाला नको, कुणाला केमिकलचा वास नको. ही पंधरावी, ज्ञानेश्वरी. शिरूरला लॅबमध्ये रक्त तपासते. तिने स्वतःच सांगितलं की मलाही पाळ्या असतात, मला शिफ्टवाला चालेल. दोघं दोनदा फोनवर बोललेत. पहिल्यांदा सहा मिनिटं, दुसऱ्यांदा पाऊण तास.

रविवारी पाच वाजता बघण्याचा कार्यक्रम. सहाला तिची ड्युटी. दत्ताला रजा मिळत नाही, बदली माणूस नाही. त्याची आई सारजाबाई आणि चुलते गाडी करून चौफुल्याला थांबणार, हा कुरकुंभहून मोटरसायकलवर जाऊन त्यांना गाठणार, मग सगळे न्हावऱ्यावरून शिरूरला. त्याने विचारलं, दादा, रविवारी दोनला याल का?

मी म्हणालो, दीडलाच येतो.

तो म्हणाला, दोन बास हाय दादा. पर दोन म्हंजी पॅनलवर दोन.

हे जरा लागलं मला. पण नवरदेव आहे, सोडून दिलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

वाक्यं चार. नळ उघडला, मग तो बंद होईना. मोरीतून पाणी ओट्यापर्यंत आलं. वरवंडचा प्लंबर आला आणि चार मिनिटांत बसवून गेला. वाक्य त्याचं झालं.

उद्यासाठी चौथं नवीन घातलं आहे. 'टुमारो आय विल रीच कंपनी इन नो टाइम अँड माय फ्रेंड विल गेट मॅरिड.' मॅडम खूश होतील. भविष्यकाळसुद्धा आला.

सविताने बजावलं, उद्या साडेबाराला घर सोडायचं. मी म्हणालो, बाराला सोडतो.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११

आंघोळ झाली. (खरोखर लवकर.) मटण शिजतंय.

१२.२०

जेवलो. अंगावर आलं. दहा मिनिटं पडतो. वरवंड ते कुरकुंभ म्हणजे हायवे, अर्धा तास. दीड म्हटलं होतं, पण त्याला दोनच पाहिजे होतं.

१.४०

सविताने पाणी मारून उठवलं. निघतो आहे.

२.१०, पाटस

व्हॉइस नोट राहिली! तीनच्या आत पाठवायची आहे आणि प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही, गेटवरच जमा करावा लागतो. म्हणजे गेटच्या आधीच करायला हवी. वाक्यं चारच आहेत. चहा घेता घेता सहा करतो.

सायंकाळी ५, पॅनलवर

जे झालं ते झालं. खरं तेच लिहितो.

गेटवर २.४८ ला पंच केलं. तीनच्या आधी! मोबाइल जमा करायच्या आत गाड्यांच्या स्टँडपाशी रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिल्या वेळी टँकरचा हॉर्न. दुसऱ्या वेळी सिक्युरिटीवाला मध्येच जेवलात का विचारायला आला. तिसऱ्या वेळी 'आय रिलीव्ह माय कलीग इन नो टाइम' म्हणताना ठसका लागला. सात वेळा केलं. सातव्यांदा असं सुरेख आलं की मीच दोनदा ऐकलं. सिक्युरिटीवाला म्हणाला, पॅनलवरून तीनदा फोन आला, तुम्ही आला का म्हणून. पंच झालाय, येत्यात, असं सांगितलंय.

पॅनलवर पोचलो तेव्हा ३.४०. दत्ता उभा होता. बॉयलर सूटच्या गळ्यातून पांढऱ्या शर्टाची इस्त्रीची कॉलर दिसत होती. रागावला नाही. वेळ लिहायलाही थांबला नाही, सवयीने ती आधीच लिहून ठेवली होती, तीन. म्हणाला, सही करा दादा, आणि पळत सुटला.

सही केली.

पोचेल तो. तरुण आहे, गाडी नवीन आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७

नाही पोचला. म्हणजे पोचला, पण सव्वासहाला.

कारखाने सुरू झालेत. पारगावपासून पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. सारजाबाई नवं लुगडं नेसून चौफुल्याला दोन तास गाडीत बसून होत्या. शिरूरला गेले तर ज्ञानेश्वरी पाच वाजेपासून साडी नेसून वाट बघून, साडी बदलून ड्युटीवर गेलेली. पोहे गार झालेले. तिच्या वडिलांनी चहा दिला आणि बरं म्हणाले. नुसतं बरं.

जबाबदारी वाटून पाहिली. टँकर २०, ऊस ३०, मॅडमची तीनची अट २०, मटण १०, मुलीकडचे १० (थोडं थांबता आलं असतं). मी १०.

सविताला दाखवलं. तिने कागद चुलीत घातला. आमच्याकडे चूल फक्त पाणी तापवायला आहे, तरी.

मॅडमचा मेसेज आला. 'व्हेरी गुड, विक्रम!' पहिल्यांदाच माझ्या नावापुढे उद्गारचिन्ह. बघवलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रकरण अवघड झालं आहे.

दत्ताने मुलीकडच्यांना खरं ते सांगितलं होतं. रिलीव्हर उशिरा आला, पॅनल सोडता येत नव्हतं. आता ज्ञानेश्वरीचे मामा म्हणजे बापूसाहेब, आणि बापूसाहेब म्हणजे आमच्याच कंपनीचं टाइम ऑफिस, सगळ्यांची हजेरी त्यांच्या हातात! मुलगा कसा आहे याची चौकशी करायला त्यांना लांब जावंच लागलं नाही. लॉगबुक काढलं. चार्ज दिला : तीन. माझी सही. गेटवर माझं पंचिंग : २.४८. दत्ता बाहेर पडल्याची वेळ : ३.५२.

म्हणजे रिलीव्हर वेळेआधी हजर, मुलगा तीनला मोकळा, आणि मुलगी बघायला जायच्या दिवशी बावन्न मिनिटं कुठंतरी टाइमपास करून वर दुसऱ्याचं नाव पुढं करतो. बापूसाहेबांनी बहिणीला सांगितलं, पोरगं खोटं बोलतंय.

दत्ताने मला हे सगळं चार्ज देताना सांगितलं. आवाज न चढवता. म्हणाला, दादा, मामास्नी फकस्त एवढं सांगा की तुम्ही तीन चाळीसला आला. माझं त्ये न्हाई ऐकत. तुमचं ऐकतील.

मी म्हणालो, हे काय, उद्याच सांगतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सांगायचंच आहे. पण विचार करायला हवा. तीन चाळीस म्हटलं की लॉगबुक खोटं. लॉगबुक खोटं म्हणजे मेमो. आणि एकदा एक पान खोटं म्हटलं की बापूसाहेब सहा वर्षांची पानं काढणार. २६ ला इंटरव्ह्यू. दत्ताचंही नुकसान आहे यात, वेळ त्याच्याच अक्षरात आहे. त्याच्याच भल्यासाठी जरा सबुरीने घ्यायला हवं.

हे वाक्य पुन्हा वाचलं. बरं वाटलं नाही. राहू दे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल टाइम ऑफिसला गेलो होतो. बापूसाहेबांची खुर्ची रिकामी. जेवायला गेले होते. मला जे हलकं वाटलं ते इथे लिहायची लाज वाटते.

आज एक गोष्ट मात्र केली. पॅनलवर तीन वाजता हजर झालो. चहा नाही, गप्पा नाही. दत्ताने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं, तीन. आज ते खरं होतं. दिसायला मात्र रोजच्यासारखंच दिसत होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दत्ता म्हणाला, काष्टीचं एक स्थळ हाय तिला. मिल्ट्रीतला हाय. गुरुवारपातुर कळवायचंय त्यास्नी. ज्ञानेश्वरीनं अजून व्हय म्हनलेलं न्हाई.

फोनवर तिने दत्ताला एवढंच विचारलं होतं, खरं काय ते सांगा. याने सांगितलं. ती म्हणाली, मग कागद खोटं बोलतो का?

गुरुवारच्या आत सांगणार. बुधवारी सांगणार. म्हणजे एक दिवस हातात राहील.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तोंडी सांगण्यापेक्षा लेखी बरं. अर्ज लिहिला. पहिला कच्चा खर्डा तीन पानी झाला, त्यात माझ्या वीस वर्षांच्या सेवेचा आढावा आला. दुसऱ्यात ट्रॅक्टरांचा मुद्दा घेतला. तिसऱ्यात 'अंदाजे' हा शब्द पाच वेळा आला.

सविता म्हणाली, एवढं कशाला लिवताय? म्या उशिरा आलो, एवढंच तर हाय. तुम्हाला जमत नसंल तर म्या जाते गेटवर. मी शपथ घेतली की मीच सांगणार. ती म्हणाली, त्या पोराची आई दोन तास गाडीत बसली हुती, तवा तुम्ही फोनात बोलत हुता सोताशीच. लाज कशी वाटत न्हाई?

वाटते. लिहून ठेवतो, वाटते.

२० नोव्हेंबर, गुरुवार. पॅनलवर, ३.३०

आज घरून साडेबाराला निघालो. पाटसला थांबलो नाही. गेटवर १.०५. वीस वर्षांत इतक्या लवकर कधी आलो नव्हतो. सिक्युरिटीवाला म्हणाला, शिफ्ट बदलली का?

बापूसाहेब खुर्चीत होते. समोर कुणी नव्हतं. पंखा चालू होता. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, बोला विक्रमराव.

मी म्हणालो, माझी पी.एल.ची रजा किती शिल्लक आहे?

त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. अकरा.

मी म्हणालो, धन्यवाद. मग तिथेच उभा राहिलो. ते म्हणाले, आन् काय? मी म्हणालो, काही नाही, सहज. ते म्हणाले, तुमचं रेकॉर्ड बघितलं परवा. अशी माणसं न्हाई राहिली आता. आमच्या भाचीला असाच वेळेचा माणूस बघतोय.

बाहेर येऊन पाणी प्यालो. मग कँटीनमध्ये दीड तास बसलो. तीनला पॅनलवर हजर. माझ्या तोंडाकडे बघून दत्ताला कळलं असावं. हेल्मेट काढून ठेवलं आणि गेला.

इंटरव्ह्यू झाला की सांगणार. सहाच दिवस. लग्नं काही सहा दिवसांत होत नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुपारी फुटली. काष्टीला. काल.

दत्ताने स्वतःहून सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, जमलं तिचं. मग रिॲक्टरचं टेंपरेचर सांगितलं, व्हॅल्व्हचं सांगितलं, चार्ज दिला. तीन.

मी म्हणालो, दत्ता, मी इंटरव्ह्यू झाला की सांगणारच होतो. तो म्हणाला, आता कुणाला सांगताय दादा?

वाटून पाहायला कागद घेतला. ऊस लिहिलं, खोडलं. टँकर लिहिलं, खोडलं. मग कागद तसाच ठेवला.

२६ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १

इंटरव्ह्यू झाला. प्लांट हेड, एचआरचे एक जण आणि अनुपमा मॅडम.

रेकॉर्ड समोर ठेवलेलं. सहा वर्षं, लेट शून्य. साहेबांनी विचारलं, हाऊ? मी म्हणालो, 'आय टेक चार्ज इन नो टाइम, सर.' साहेब हसले, त्यांना आवडलं. मॅडमनी सवयीने विचारलं, 'इज इट ट्रू, विक्रम?'

'यस, मॅडम.'

विचार केला नाही, अडखळलो नाही, ठसका लागला नाही. तीन आठवडे शोधत होतो, अख्ख्या आयुष्यात चुटकीसरशी केलेली एक गोष्ट सापडत नव्हती. ती ही. 'आय लाइड इन नो टाइम.' म्हणजे चुटकीसरशी खोटं बोललो. मॅडमना पाठवता येणार नाही, पण वाक्य खरं आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पत्र मिळालं. 'प्रभारी' शिफ्ट इन्चार्ज. पगारवाढ सध्या नाही, सहा महिन्यांनी विचार करू. केबिन आहे. १ तारखेपासून जनरल शिफ्ट.

पेढे आणले. सविताने देवापुढे ठेवले आणि झाकून टाकले. वाटायला नेऊ का विचारलं तर म्हणाली, कुणाकुणाला देणार हाय ते बघा आधी.

ठरवलं आहे. इन्चार्ज झाल्यावर पहिलं काम, दत्ताला रजा हवी तेव्हा रजा. बदली माणूस मी उभा करीन. नसेल तर मी स्वतः पॅनलवर बसेन. हा शब्द.

१ डिसेंबर, सोमवार. केबिन, दुपारी ४.१०

तीन वाजता दत्ता आला. त्याच्या नव्या रिलीव्हरने दोन पन्नासलाच चार्ज घेतला होता. मी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. त्याने एक घेतला, खाल्ला, हात पुसले आणि कागद ठेवला. बदलीचा अर्ज. दुसऱ्या प्लांटला, दुसऱ्या इन्चार्जकडे. माझ्या टेबलावर आलेला पहिला कागद.

नाव, नंबर, तारीख, सगळं भरलेलं. 'कारण' हा रकाना रिकामा. मी म्हणालो, हे राहिलं. तो म्हणाला, तेवढं तुम्हीच लिवा दादा, फॉर्म इंग्लिश हाय, तुमचं इंग्लिश आता पक्कं झालंय. टोमणा नव्हता. टोमणा मारणाऱ्यातला नाही तो. आईला घेऊन दौंडला डोळे तपासायला जायचंय, साडेचारचा नंबर आहे, तेवढी सही करून द्या म्हणाला.

मी म्हणालो, बाहेर बस, लगेच देतो.

'पर्सनल रीझन' लिहायला घेतलं, हात चालेना. खरं लिहायला घेतलं, तेव्हाही चालेना. एका ओळीचं काम आहे. पेन उघडं आहे. काचेतून दत्ता बाकावर बसलेला दिसतो आहे. त्याने आत्ता घड्याळाकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, दोन मिनिटं.